सामानाच्या लिफ्टमधली साडेतीन मिनिटं

आमच्या इमारतीला मजले अकरा आणि शहाणा माणूस एकच. एकतीस वर्षं लिफ्टमधल्या लाकडी स्टुलावर बसून तो आम्हाला वर नेत होता आणि खाली आणत होता. पगारपत्रकावर त्यांचं काहीतरी नाव असणारच, पण सगळे त्यांना वरखालीमामा म्हणायचे आणि घाईत असले की नुसतं मामा. मंत्रीसाहेबही मामाच म्हणायचे. त्यात त्यांचं काही जात नव्हतं.

मी चौथ्या मजल्यावर रेकॉर्ड विभागात असते. म्हणजे जिथे निकाल लागलेल्या, न लागलेल्या आणि कधीच न लागायच्या फायली एकाच कपाटात गुण्यागोविंदाने नांदतात. एकोणीस वर्षं मी मामांच्या लिफ्टने चढउतार केली आणि राजकारण म्हणून मला जे काही कळतं ते त्या पाच फूट बाय पाच फुटांत शिकले. पेपर मी फक्त कपाटाच्या फळीवर अंथरायला वापरते.

मामा घड्याळ वापरत नसत. सेकंद त्यांच्या डोक्यात आपोआप पडत असत. तळमजल्यापासून सातव्यापर्यंत, म्हणजे मंत्र्यांच्या मजल्यापर्यंत, दारं उघडणं-मिटणं धरून चाळीस सेकंद. या चाळीस सेकंदांवर मामांचा सगळा परोपकार चालायचा. महिनोन् महिने अर्ज घेऊन बाकावर बसलेला एखादा माणूस दिसला की मामा त्याच्या कानाशी लागत. "उद्या साडेदहाला या खांबापाशी उभे राहा. केस विंचरून या." दुसऱ्या दिवशी मंत्री लिफ्टमध्ये शिरले की मामा पायाने दार अडवत, "जरा अडतंय साहेब" म्हणत आणि तेवढ्यात तो माणूस आत सरकलेला असे.

"चाळीस सेकंदांत काय होणार हो?" मी एकदा विचारलं.

"रडायचं नाही, इतिहास सांगायचा नाही आणि कागद उलटा धरायचा नाही," मामा म्हणाले. "मग पुष्कळ होतं."

होत असे, हे खरंच आहे. एका शाळेचं छप्पर, एका विधवेची बदली, एका आंधळ्या माणसाचं दुकान, अशी कामं त्या चाळीस सेकंदांत झालेली मी स्वतः फायलीत पाहिली आहेत. मंत्रीही काही वाईट मनाचे नव्हते. समोरचा माणूस हातभर अंतरावर असला की ते चांगले वागत. अंतर वाढलं की त्यांचा चांगुलपणा वाटेत कुठेतरी उतरून जाई.

सत्ता कुठे बसते हे ओळखायची मामांची रीतही साधी होती. कोण काय बोलतो ते ऐकू नका, कोण कोणाच्या मजल्यावर जातो ते बघा. सरकारने काही मजले भाड्याने द्यायला काढले तेव्हा अकराव्यावर एक मोठी वित्त कंपनी आली. सुरुवातीला तिचे साहेब रोज सातव्यावर उतरायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भाडेकरूची अदब असायची. चार-पाच वर्षांत मंत्रीच अकराव्यावर जायला लागले. निवडणूक जवळ आली की दिवसातून दोनदा. मग तिसरा मजला एका संगणक कंपनीने घेतला. तिथे सगळी पोरंपोरी, पायात चपला, नजर कायम हातातल्या फोनवर. त्यांना कोणी सलाम करत नसे, कारण केला तरी त्यांना दिसला नसता. वर्षभरात मामांनी मला बातमी दिली.

"बाई, आता सातवा आणि अकरावा दोघेही तिसऱ्यावर उतरतात. एकाला मतं मोजून हवीत, एकाला माणसं मोजून हवीत. फूटपट्टी पोरांकडे आहे."

या तिघांच्या एकीतून 'गुण' जन्माला आले. सरकारकडून पेन्शन किंवा मदत घेणाऱ्या प्रत्येक माणसाला यंत्राने शंभरपैकी गुण द्यायचे. कमी पडले तर पैसे थांबवायचे, म्हणजे लबाडांना चाप बसेल. तिसऱ्या मजल्याने गुण काढायचे, अकराव्याने पैसे वाटायचे आणि सातव्याने फोटो काढून घ्यायचे. आणि या चापात पहिल्याच महिन्यात सापडली ती मामांची थोरली बहीण.

ताईंनी सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज दोनशे पोरांचं जेवण रांधलं होतं. लबाडीला वेळ मिळाला असेल असं मला वाटत नाही. त्या एका खोलीत राहायच्या आणि शेजारच्या दोन खोल्यांत त्यांच्यासारख्याच दोघी, एक दवाखान्यातून आणि एक पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेली. तिघींत फोन एकच, ताईंचा, कारण बाकीच्या दोघींना फोनची भीती वाटे. तिघींच्या पेन्शनचे निरोप त्याच फोनवर येत आणि ताई ते मोठ्याने वाचून दाखवत. यंत्राने पाहिलं, एक फोन आणि तीन पेन्शनी. यंत्राच्या मते ही टोळी होती. तिघींचीही पेन्शन एकाच दिवशी थांबली. फोनवर निरोप आला, "आपली पात्रता तपासली जात आहे. कृपया संयम ठेवा."

संयम अकरा महिने ठेवून झाला. त्या अकरा महिन्यांत ताईंनी आमची इमारत मामांपेक्षा जास्त चढून-उतरून पाहिली. तिसऱ्यावरची मुलं म्हणाली, "आजी, आम्ही फक्त गुण काढतो. किती गुणांखाली पैसे थांबवायचे ते अकरावा ठरवतो." अकरावा म्हणाला, "ते सांगतील त्याला आम्ही पैसे देतो. धोरण मंत्र्यांचं." सातव्यावर तर मामांनी स्वतः पायाने दार अडवून बहिणीला चाळीस सेकंद मिळवून दिले. ताई रडल्या नाहीत, इतिहास सांगितला नाही, कागदही सुलटा धरला. मंत्री हळहळले आणि म्हणाले, "पण यंत्राने थांबवलंय ना, मावशी. यंत्राच्या कामात मी हात कसा घालू?" सातवा मजला आला आणि ते उतरून गेले. मामांचे चाळीस सेकंद वाया गेलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

एका रविवारी मामा बहिणीकडे गेले, तर रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने फुल्या मारलेल्या. गोळी दिवसाआड एक.

"डॉक्टर रोज घ्या म्हणतात," ताई म्हणाल्या, "पण डॉक्टरांची पेन्शन चालू राहणार आहे."

मामांनी पाकिटातून पैसे काढले. ताईंनी ते परत त्यांच्या खिशात कोंबले. "तुझे घेतले ना, की माझे बंद झालेले कायमचे बंद होतील. तुझे नकोत मला. माझे हवेत."

सोमवारी मामांनी हे मला सांगितलं तेव्हा लिफ्ट चौथ्यावर येऊन थांबली होती आणि मी उतरलेच नाही. मला इतका राग आला होता की कुणाच्या तरी अंगावर फाईल फेकावीशी वाटत होती, आणि कुणाच्या ते ठरत नव्हतं. त्या सगळ्या कारभाराची तीच तर खुबी होती.

आणि आता पुढची गंमत ऐका. त्याच सुमारास आमच्याकडे नवी, हुशार लिफ्ट आली. अकराव्याने पैसे घातले, तिसऱ्याने बसवली आणि सातव्याने फीत कापायचं ठरवलं. या लिफ्टच्या आत बटणंच नाहीत. बाहेर आपलं कार्ड दाखवायचं, ती आपल्याला ओळखते आणि योग्य मजल्यावर नेऊन सोडते. मोठ्या लोकांसाठी ती मध्ये कुठे थांबतही नाही. म्हणजे पायाने दार अडवण्याचा प्रश्न मिटला, आणि लिफ्टमनचाही. मामांना स्टुलासकट मागच्या अंगणातल्या सामानाच्या लिफ्टवर पाठवलं. लोखंडी पेटी, ओढायचं जाळीचं दार, हाताने फिरवायचा दांडा. तिच्यातून पाण्याचे बाटले, टेबलं, कागदाचे गठ्ठे आणि माझ्या फायली जात. दहाव्या मजल्यापर्यंत जायला तिला साडेतीन मिनिटं लागत. मामा स्टूल उचलून चालू लागले. जाताना नव्या लिफ्टकडे त्यांनी असं पाहिलं की मला वाटलं, हिचं काही खरं नाही.

महिनाभर कार्डांची चाचणी झाली आणि मग उद्घाटन. पत्रकार बोलावलेले होते. सातव्यावर चहा आणि फोटोवाले तयार होते. मंत्र्यांनी भाषणात सांगितलं, "ही लिफ्ट तुमची खरी जागा ओळखते." एवढं वाक्य त्यांनी गिळलं असतं तर बरं झालं असतं. फीत कापली, कार्ड दाखवलं, दार मिटलं. वरच्या पाटीवर आकडे दिसू लागले. पाच, सहा, सात, आणि लिफ्ट सातव्याला न थांबता आठ, नऊ, दहा करत अकराव्यावर जाऊन उभी राहिली. टाळ्या जरा उशिरा थांबल्या. मंत्री खाली आले, हसले, पुन्हा कार्ड दाखवलं, पुन्हा अकरावा. तिसऱ्या खेपेला त्यांना तिसऱ्यावर नेलं. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा धावत आला आणि भाबडेपणाने सगळ्यांसमोर म्हणाला, "ती सवयीवरून शिकते. महिनाभरात साहेब ज्या मजल्यावर जास्त गेले तिथे नेते."

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, "मंत्र्यांची खरी जागा अकरावी". तो पेपर मात्र मी फळीवर अंथरला नाही, घडी घालून ठेवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी मंत्री मागच्या अंगणात हजर. आजूबाजूला पाहून हळूच विचारतात, "मामा, ही त्या यंत्राला जोडलेली नाही ना?"

"साहेब, ही विजेला जोडलेली आहे तेच पुष्कळ," मामा म्हणाले.

आठवड्याने अकराव्याचे साहेब आले. त्यांना नवी लिफ्ट त्यांच्या पाहुण्यांदेखत थेट तिसऱ्यावर नेऊन उभी करत होती, आणि पाहुणे विचारत होते की मालक नक्की कोण. राहिली तिसऱ्या मजल्याची प्रमुख, तिशीतली, केस डोक्यावर पेन्सिलीने बांधलेली मुलगी. ती तर पहिल्या दिवसापासून सामानाच्याच लिफ्टने ये-जा करत होती. ज्याने भाजी केली त्याला ठाऊक असतं आत काय घातलंय.

अशी सगळी सत्ता पाण्याच्या बाटल्यांशेजारी येऊन उभी राहिली. फक्त ती एकत्र येत नव्हती. दर बुधवारी तिघांची दहाव्यावर बंद दाराआड बैठक असे. पण तिघे एकत्र दिसायला नकोत म्हणून एक साडेदहाला, एक पावणेअकराला आणि एक अकराला जाई. मामा निमूटपणे ने-आण करत. पण मी त्यांना एकोणीस वर्षं ओळखते. ते स्टुलावर इतके शांत बसले की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

मंगळवारी ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, उद्या तुमची फायलींची ट्रॉली दहाव्यावर न्यायचीय का?"

"नाही."

"नेऊ या," मामा म्हणाले. "सगळ्यांच्या शेवटी आत घाला. दाराशी. म्हणजे कोणाला उतरायची घाई झाली तरी उतरता येणार नाही."

त्यांनी तिघांच्याही शिपायांना वेगवेगळं गाठून एकच निरोप दिला होता. बुधवारी अकरा ते दोन दोरांना तेल घालायचंय, जायचं तर पावणेअकराला या, एकच फेरी होईल. त्या दोरांना गेल्या सात वर्षांत कोणी तेल दाखवलं नव्हतं, त्यामुळे खोटं तसं फार मोठं नव्हतं.

पावणेअकराला तिघे मागच्या अंगणात समोरासमोर आले. प्रत्येकाचा चेहरा असा झाला की जणू बाकीचे दोघे त्याला चुकूनच दिसलेत. पण अंगणात उभं राहून दिसण्यापेक्षा आत शिरलेलं बरं, म्हणून तिघेही शिरले. मागून मी ट्रॉली घातली आणि मामांनी जाळी ओढली. मग मंत्र्यांना कोपऱ्यात कागदाच्या गठ्ठ्यांवर बसलेली म्हातारी दिसली.

"या कोण?"

"दहाव्याला जायचंय त्यांना," मामा म्हणाले आणि दांडा अर्ध्यापर्यंतच फिरवला. लिफ्ट कुरकुरत निघाली. एरवीच्या निम्म्या वेगाने.

"नमस्कार," ताई म्हणाल्या. त्या बसूनच होत्या. "माझी पेन्शन अकरा महिने बंद आहे. का, ते मला कळत नाही."

मंत्र्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांनी लगेच पेन्सिलवाल्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आजी, आम्ही फक्त गुण..."

"ते मला पाठ आहे, बाळ. तू म्हणणार, अकराव्याला विचारा. हे काय, अकरावे इथेच उभे आहेत."

अकराव्यांनी घसा साफ केला. "आमचा धोरणाशी..."

"संबंध नाही. सातव्यांना विचारा. तेही इथेच आहेत."

आम्ही दुसरा मजला ओलांडत होतो. माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा ते बोट जायला थोडी जागा लागते, आणि तिथे माझ्या फायलींमुळे हात हलवायलाही जागा नव्हती. मुलीने फोन काढला. त्या लोखंडी पेटीत फोन चालत नाही. तिने तो परत ठेवला.

"पेन्शन थांबवा, अशी सही मी कुठेही केलेली नाही," मंत्री म्हणाले.

"आम्हीही नाही. आम्हाला पन्नासची मर्यादा वरून आली," अकरावे म्हणाले.

"तुमच्या वर कोण आहे?" ताईंनी विचारलं. "गच्ची?"

मी ट्रॉलीच्या मागे तोंड लपवलं. मामा समोरच्या भिंतीकडे पाहत होते, पण त्यांचे कान मागे वळलेले होते.

"मग पन्नास कोणी ठरवले?" आता हे मंत्र्यांनीच विचारलं, आणि खरोखर कळत नाही म्हणून विचारलं. पाचवा मजला गेला. सहावा निम्मा गेला. मुलीने केसातली पेन्सिल काढली आणि परत खोचली.

"तिथे रिकामा चौकोन होता," ती म्हणाली. "काहीतरी आकडा टाकल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. म्हणून आमच्यातल्या कोणीतरी पन्नास टाकला. आम्हाला वाटलं, नंतर कोणीतरी बघेल आणि बदलेल."

आता मला हसू येईना. ज्या आकड्यापायी एक बाई दिवसाआड गोळी घेत होती, तो कोणी ठरवलाच नव्हता. निदान दुष्टपणाने तरी ठरवायचा.

"मला किती पडले?" ताईंनी विचारलं.

"बघावं लागेल. वर गेल्यावर."

नेहमी साडेतीन मिनिटं लागायची तिथे त्या दिवशी सात लागली. दहाव्यावर मामांनी जाळी उघडली, पण मी ट्रॉली काढली नाही. नुसती उभी राहिले. मुलगी अंग चोरून कशीबशी बाहेर पडली, भिंतीला टेकून तिने फोनवर ताईंचा नंबर घातला. "सत्तेचाळीस," ती म्हणाली. मग अंगठ्याने दोन-तीनदा टिचक्या मारल्या. "झालं, आजी. मागचे सगळे पैसे उद्यापर्यंत येतील."

"सहा सेकंद," मामा पुटपुटले.

ताई उठून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या दोन्ही शेजारणींचं?"

"त्यांनी स्वतः अर्ज करायला हवा."

"मग तो पन्नासच काढून टाक की."

"तो बदलायला तिघांच्याही सह्या लागतात," मुलगी म्हणाली.

"आणि टाकायला किती लागल्या होत्या?"

मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, "बघतो, या बैठकीत विषय काढतो," आणि मी ट्रॉली हलवल्यावर तिघेही आत गेले. बैठकीत तो विषय निघाला नाही. बैठकीची टिपणं माझ्याच कपाटात येतात, म्हणून सांगते.

खाली येताना मामांना आनंद लपवता येत नव्हता. त्यांनी दांडा पुरता फिरवला, आणि स्टुलावर बसून गुणगुणायला लागले. "ताई, उद्यापासून गोळी रोज घ्यायची," असं तीनदा म्हणाले. ताईंनी हो म्हटलं, पण त्या आनंदात नव्हत्या. सबंध वाट त्या आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होत्या. अंगणात पोचल्यावर त्या म्हणाल्या, "अकरा महिने, आणि एवढंच होतं?" आणि रस्त्याला लागल्या.

पुढच्या बुधवारी सव्वादहालाच त्या मागच्या अंगणात आल्या. बरोबर दोन म्हाताऱ्या, दोघी धुतलेल्या कपड्यांत, घाबरलेल्या. ताईंनी कागदाचे तीन गठ्ठे ओळीने लावले आणि दोघींना बसवलं. मग स्वतः बसल्या.

मामा गोंधळले. "ताई, तुझं झालं ना? पैसे आले ना? परत कशाला दगदग? दर बुधवारी तेल कुठून आणू मी?"

"मला अकरा महिने वाटत होतं की काहीतरी अवघड असेल, म्हणून वेळ लागतोय," ताई म्हणाल्या. "आता मला माहीत आहे, किती वेळ लागतो ते."